मागचं पान वाचा

मी रुग्णवाहिका केंद्राची नोंदवही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, तीनशे पानांची, पाठीला लाल कापड लावलेली. हल्ली माझा मुक्काम संसदेच्या अभिलेख कक्षात आहे. लोखंडी कपाट, दुसरा कप्पा, डावीकडून चौथी. माझ्या एका बाजूला कुठल्याशा धरणाचा अहवाल आहे आणि दुसऱ्या बाजूला चौकशी समितीचे सात खंड. दोघंही स्वतःला फार मोठे समजतात. समजोत बापडे. त्यांना कुणी उघडून वाचल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. मला मात्र भर सभागृहात वाचलं गेलंय, आणि त्या दिवशी एका मंत्र्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सुरुवातीपासून सांगते. आम्हा नोंदवह्यांना अधलंमधलं सांगता येत नाही, अनुक्रमांक एकपासूनच सुरू करावं लागतं.

माझा जन्म एका सरकारी छापखान्यात झाला. कागदावर आधी निळ्या रेघा पडल्या, मग रकाने पडले: अनुक्रमांक, फोन आल्याची वेळ, नाव-पत्ता, गाडी निघाली, गाडी पोहोचली आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात अरुंद. सरकारला शेऱ्यांची फारशी हौस नसते.

मला शिवणारा बाइंडर मोठा बडबड्या होता. असल्या वह्यांच्या नशिबी धूळच असते, यांना कोण उघडून बघतंय, असं तो शेजारच्याला सांगत होता. तरीही टाके मात्र त्याने दुहेरी घातले. तोंड कितीही चाललं तरी हात चुकू द्यायचा नाही, असा त्याचा खाक्या होता. पुढे माझी जी ओढाताण झाली तीत मी उसवले नाही, ते त्याच्यामुळेच.

शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यासमोर आमचं केंद्र होतं. एक खोली, दोन फोन, भिंतीवर गोल घड्याळ आणि त्याखाली तीन खिळे. तीन गाड्यांच्या तीन चाव्या तिथे टांगायच्या. खिळ्यावर चावी असेल तर गाडी दारात, नसेल तर बाहेर. एक चावी मात्र कायम खिळ्यावरच असायची आणि तिची गाडी कायम गॅरेजात. दीड लाख माणसांना एवढाच कारभार पुरवायचा होता.

फोनवर बसायची ती ताई. वयाने काही फार मोठी नव्हती, पण सगळे तिला ताईच म्हणायचे. निवृत्तीला आलेले आमचे थोरले चालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, तेसुद्धा. ताईच्या घरी सासरे होते, शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या, आणि चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटत होती.

ताईची एक सवय होती. फोन वाजला की तिचे डोळे आधी घड्याळाकडे जायचे, मग हात माझ्याकडे, आणि मगच तोंड उघडायचं. वेळ लिहिल्याशिवाय ती हॅलोसुद्धा म्हणत नसे. नंतर लिहू म्हटलं की माणूस आपल्या सोयीची वेळ लिहितो, असं तिचं म्हणणं. दुसरी सवय म्हणजे एकाच घरातून पुन्हा फोन आला तरी ती नवी ओळ घ्यायची. परत वेळ, परत पत्ता, परत शेरा.

आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे साहेब, यावरून वैतागायचे. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. एका रुग्णाला एक ओळ असा नियम असताना तू काय कादंबरी लिहायला बसलीस का, असं विचारायचे. ताई म्हणायची, चारदा फोन आला तर तो एकदाच आला असं कसं लिहू? साहेब कपाळाला हात लावायचे आणि चहा मागवायचे. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. इतक्या बारकाईने लिहिलं जाणं कुठल्या वहीला आवडणार नाही?

महिनाअखेरीला वर पाठवायच्या तक्त्यात मात्र दोनच वेळा विचारलेल्या असत. गाडी कधी निघाली आणि कधी पोहोचली. फोन कधी आला, हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. गाडी मोकळी नसली की लोक तासभर ताटकळत, पण ते ताटकळणं कुठेच धरलं जात नसे. गाडीचं चाक हललं की सरकारचं घड्याळ सुरू. अशी सगळ्या केंद्रांची सरासरी निघाली नऊ मिनिटं.

त्या नऊ मिनिटांवर आरोग्यमंत्री इतके खूश झाले की त्यांनी चौकाचौकांत फलक लावले: ‘नऊ मिनिटांत दारात’. एक आमच्यासमोरच्या बसथांब्यावरही लागला. काका तो बघून म्हणाले, दारात हे खरं, पण कुणाच्या, तेवढं लिहायचं राहिलं.

आता त्या सकाळचं सांगते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. एक बाई बोलत होती. तिची थोरली बहीण घरीच कपडे शिवायची. शिवता शिवता तिचा उजवा हात मशीनवरून घसरला, तोंड वाकडं झालं आणि शब्द फुटेना. धाकटी घाबरली होती, तरी पत्ता तिने नीट सांगितला. चौथा मजला, जिना अरुंद, बहिणीला उचलून खाली आणणं तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं.

ताईने खिळ्यांकडे पाहिलं. एक गाडी गॅरेजात. दुसरी एका बाळंतिणीला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलेली. तिसरी, काकांची, मंत्र्यांच्या कार्यक्रमाला उभी. कार्यक्रम होता नव्या फलकाच्या उद्घाटनाचा, आणि मंत्री येणार असले की एक रुग्णवाहिका व्यासपीठाशेजारी उभी ठेवायची असा दंडक होता. मंत्री ठणठणीत होते. ताईने हे सगळं शेऱ्याच्या त्या अरुंद रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरांत बसवलं.

नऊ बावीसला धाकटीचा पुन्हा फोन आला. ताईने शेजारच्या दोन केंद्रांत विचारलं, तिथेही तीच गत. कार्यक्रमातली गाडी सोडा म्हणून ती साहेबांच्या मागे लागली. साहेब वरून परवानगी घेतो म्हणाले, आणि वरचा फोन कुणी उचलेना. नऊ पन्नासला तिसरा फोन. धाकटी नुसती रडत होती. ताई तिला सांगत राहिली, बहिणीला कुशीवर वळवा, पाणी पाजू नका, मी आहे. फोन ठेवल्यावर तिने माझ्यावर कोपर टेकलं आणि डोळे मिटून घेतले. पक्षाघातात पहिले काही तासच हाताशी असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दहा एकतीसला चौथा फोन आला. तोवर माझं पान भरलं होतं, म्हणून ही नोंद पुढच्या पानावर पहिल्या ओळीत गेली. अनुक्रमांक दोन हजार एकशे एकोणीस. धाकटीने या वेळी तोंडाला येईल ते ऐकवलं. ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि शेरा लिहिला: ‘शिव्या दिल्या. बरोबरच आहे.’ मग तिने साहेबांकडे न बघता सरळ काकांना फोन लावला आणि परवानगीशिवाय निघायला सांगितलं. काका दहा चाळीसला निघाले आणि दहा एकोणपन्नासला पोहोचले. नऊ मिनिटं. महिन्याच्या तक्त्यात ही नोंद उत्तम कामगिरी म्हणून गेली.

शिवणारी बाई जगली. उजवा हात गेला तो गेलाच.

धाकटीने पत्र लिहिलं ते विरोधी पक्षनेत्या बाईंना. बाई हे काही त्यांचं नाव नव्हे. राजकारणात येण्याआधी त्या वीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, आणि संसदेत गेल्या तरी बाईच राहिल्या. सत्ताधारी चेष्टेने म्हणत, पण म्हणत बाईच.

पत्र मिळाल्यावर त्या बसने, एकट्याच आमच्या केंद्रात आल्या. ताईला म्हणाल्या, वही दाखवता का? ताईने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीबाहेर. बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि मधूनच उघडलं. पहिलं पान सगळ्यांचंच सुवाच्य असतं, म्हणाल्या, वही तपासायची तर मधून तपासावी. तासभर त्या वाचत होत्या. फोटो मात्र त्यांनी काढला नाही. माझ्यात आजारी माणसांची नावं आहेत, ती बाहेर जायला नकोत, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. फक्त एक अनुक्रमांक त्यांनी हातरुमालाच्या कोपऱ्यावर पेनाने लिहून घेतला. मला हसू आलं. कागद समोर असताना रुमालावर लिहिणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढच्याच आठवड्यात त्या सभागृहात म्हणाल्या की नऊ मिनिटं हा आकडा फसवा आहे, लोक दीड-दीड तास वाट बघतात, आणि केंद्रांच्या वह्यांत ते लिहिलेलं आहे. आरोग्यमंत्री खवळले. सात दिवसांत पुरावा द्या, नाहीतर सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल माफी मागा, असं आव्हान त्यांनी दिलं. पुरावा दिला नाही तर हक्कभंग आणि अधिवेशन संपेपर्यंत बाई बाहेर. सत्ताधाऱ्यांकडे मतं होती, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अधिकारी आले आणि मला काखोटीला मारून चालू लागले. ताई आडवी गेली. “वही नेताय तर पोच द्या,” म्हणाली. पोच मिळाली नाही. मिळालं ते निलंबनाचं पत्र. एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी करून, शेऱ्यात अनावश्यक मजकूर लिहून शासनाची बदनामी केली, असा आरोप होता. चौकशीत तो खरा ठरला असता तर नोकरी कायमची जाणार होती. काकांनी तिची पिशवी उचलली आणि तिला बसपर्यंत सोडलं. तिच्या कोपराने दाबलेलं ते पान घेऊन मी गाडीत पडले होते. मला भयंकर संताप आला होता. लिहिलं ते खरं, म्हणून लिहिणारीला घरी बसवायचं, हा कुठला न्याय?

मंत्रालयातल्या एका कपाटात मला कोंडलं. बाईंनी माझी मागणी केली तेव्हा खात्याने त्यांना लेखी उत्तर पाठवलं की अशी कोणतीही वही उपलब्ध नाही. मी कपाटात बसून हे ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येत नसल्याचं वाईट वाटलं.

सहाव्या दिवशी कपाट उघडलं. मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यायचं होतं. बाईंनी केंद्रात कुठल्या नोंदीचा अनुक्रमांक टिपून घेतला ते एका हुशार अधिकाऱ्याला साहेबांकडून कळलं होतं. त्याने दोन हजार एकशे एकोणिसावी ओळ शोधली, निघाली आणि पोहोचली यांची वजाबाकी केली आणि आनंदाने टाळीच वाजवली. त्या पानात त्याने पिवळी चिठ्ठी खोचली. पान उलटून मागे काय आहे ते बघायची त्याला गरज वाटली नाही. तक्त्यांवर वाढलेला माणूस, त्याला दोन रकान्यांपलीकडे बघायची सवयच नव्हती. शेरा तर तो वाचतच नसे.

खात्याचे सचिव मात्र मुरलेले होते. त्यांनी मंत्र्यांना तीनदा सांगितलं की जे वाचायचं ते टिपणातून वाचा. वही मागे राहू द्या, ती केवळ खबरदारी म्हणून आणलीय. ती हातात घेऊ नका. मंत्री म्हणाले, बरं बरं. ज्या माणसाने स्वतःच्या फलकाचं उद्घाटन स्वतः केलं, त्याचं बरं बरं किती धरायचं, हे सचिवांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सातव्या दिवशी दुपारी मी सभागृहात गेले. उंच छत, अर्धगोलात मांडलेली बाकं, मधोमध एक लांब टेबल. त्यालाच पटल म्हणतात. वर प्रेक्षकांच्या सज्जात ताई बसली होती, शेजारी काका. ताईने घरातली चांगली साडी नेसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती सोडत होती.

मंत्र्यांनी आधी शहाण्यासारखं टिपण वाचलं. सरासरी नऊ मिनिटं, समाधानी जनता शेकडा चौऱ्याण्णव. वाचून झाल्यावर ते म्हणाले की आता बाईंनी माफी मागावी. सत्ताधारी बाकं वाजली.

बाई उठल्या. आवाज जराही चढलेला नव्हता.

“अध्यक्ष महोदय, टिपण काय, कुणीही लिहितं. मंत्र्यांच्याच खात्याने मला लेखी कळवलंय की अशी वही उपलब्ध नाही. मग जी वही नाहीच, तिच्यातल्या नोंदी खोट्या कशा ठरल्या? आणि त्या लिहिणारी बाई निलंबित कशी झाली? मला वाटतं, मंत्र्यांनी ती वही कधी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही.”

विरोधी बाकांवर हशा पिकला. मंत्र्यांचे कान लाल झाले. सचिव मागच्या खुर्चीतून पुढे झुकून टिपण, टिपण असं पुटपुटत होते. पण मंत्र्यांचा हात मागे आला, त्याने मला अधिकाऱ्याच्या मांडीवरून उचललं आणि डोक्यावर धरलं.

“ही बघा वही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? नोंद क्रमांक दोन हजार एकशे एकोणीस, वाचून दाखवतो. गाडी निघाली दहा चाळीस, पोहोचली दहा एकोणपन्नास. किती झाले? बाईंनी वजाबाकी शिकवलेली असेलच.”

बाकांचा कडकडाट झाला. सचिवांनी डोळे मिटले.

बाई तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. वर्ग गप्प होईतो थांबायची त्यांना वीस वर्षांची सवय होती. मग म्हणाल्या, “हरकतीचा मुद्दा, महोदय. मंत्र्यांनी सभागृहात दस्तऐवजातून वाचलं. नियमाप्रमाणे तो दस्तऐवज आता पटलावर आला पाहिजे.”

नियम जुना होता आणि साधा होता. मंत्री आपल्या टिपणातून काहीही बोलू शकतो, पण मूळ कागदातून एक शब्द जरी वाचला आणि कुणी मागणी केली, तर तो अख्खा कागद सभागृहापुढे ठेवावा लागतो. मग तो मंत्र्याचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. बाईंना सात दिवस जे मिळत नव्हतं ते मंत्र्यांनी स्वतः सोबत आणलं होतं आणि स्वतःच उघडलं होतं. आपल्या पायावर असा धोंडा पाडून घेणारा माणूस विरळा.

अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच होते. मंत्री त्यांच्याकडे आशेने बघत होते. पण चाळीस वर्षं नियमांच्या पुस्तकाला उराशी धरून बसलेला तो म्हातारा. त्याने चष्मा पुसला, नियम स्पष्ट आहे म्हणाला, आणि वही पटलावर ठेवायला सांगितलं. मंत्री मला घेऊन चालत आले. टेबलावर ठेवल्यावरही त्यांची बोटं माझ्यावरून सुटेनात. शेवटी सभागृहाच्या लिपिकाने मला हलकेच ओढून घेतलं. बाइंडरचे टाके इथे उपयोगी पडले.

“मंत्र्यांनी एक ओळ वाचली,” बाई म्हणाल्या. “मागचं पान वाचा.”

नावं वगळून वाचा, असं अध्यक्षांनी लिपिकाला बजावलं. लिपिकाचा आवाज एकदम सपाट होता. तीस वर्षं विधेयकं वाचून त्यातला चढउतार झिजून गेला होता. त्याने शेअरबाजाराचे भाव वाचावेत तसं वाचायला सुरुवात केली.

“नऊ वाजून पाच. पहिला फोन. शेरा. गाडी नाही. एक गॅरेजात, एक बाळंतिणीसोबत, एक मंत्रीसाहेबांच्या उद्घाटनाला उभी.”

विरोधी बाकं हसून कोसळायची बाकी राहिली. सत्ताधाऱ्यांतलेही दोघं-तिघं मान खाली घालून खांदे हलवत होते. सज्जात ताईने तोंडावर पदर घेतला. आपल्या शेऱ्यांना लोक हसताहेत, एवढंच तिला कळत होतं.

“नऊ बावीस. दुसरा फोन. शेरा. शेजारच्या केंद्रांतही गाडी नाही. परवानगी मागितली आहे.” हसू कमी झालं. “नऊ पन्नास. तिसरा फोन. शेरा. बहीण रडते आहे. परवानगी आलेली नाही.”

लिपिकाने पान उलटलं. मंत्र्यांनी दाखवलेलंच पान.

“दहा एकतीस. चौथा फोन. शेरा.” इथे तो अडखळला. अध्यक्षांकडे पाहून त्याने जे आहे ते वाचलं. “शिव्या दिल्या. बरोबरच आहे.”

कुणीही हसलं नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. त्या शांततेत मी पटलावर उघडी पडले होते आणि मला माझ्या प्रत्येक अक्षराचा अभिमान वाटत होता.

बाई म्हणाल्या, “नऊ पाच ते दहा एकोणपन्नास. एकशे चार मिनिटं. ज्या बाईचा हात गेला ती चौथ्या मजल्यावर तेवढा वेळ वाट बघत होती, आणि जिने हे खरं लिहिलं तिला तुम्ही घरी बसवलंय. माफी कुणी कुणाची मागायची ते सभागृहाने ठरवावं.”

मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सत्ताधाऱ्यांच्या अगदी मागच्या बाकावरून एक सदस्य उठला. नऊ वर्षांत तो सभागृहात फक्त शपथ घेण्यापुरता बोलला होता. माझ्या भागातल्या केंद्राची वहीही मागवा, म्हणाला, माझे वडील वाट बघता बघता गेले आणि मला नऊच मिनिटं सांगितली गेली. तो बसायच्या आत दुसरा उठला. मग तिसरा, मग दोन्ही बाजूंचे उठत गेले. संध्याकाळपर्यंत चौदा केंद्रांच्या वह्यांची मागणी झाली होती, आणि बाईंना आणखी काही बोलावंच लागलं नाही.

पंतप्रधान हिशेबी गृहस्थ होते. वारा कुठून वाहतोय हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. दिवे लागायच्या वेळेला ते उठले आणि त्यांनी जाहीर केलं की यापुढे वेळ पहिल्या फोनपासून मोजली जाईल, केंद्रांना नव्या गाड्या मिळतील, मंत्र्यांच्या कार्यक्रमाला एकही रुग्णवाहिका उभी राहणार नाही, आणि ताईंचं निलंबन आत्ताच्या आत्ता रद्द. आरोग्यमंत्र्यांनी उभं राहून माफी मागितली. टिपण न बघता मागितली, त्यामुळे ती छोटी आणि बरी झाली.

काका सज्जात उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिथे टाळ्या वाजवायला मनाई आहे. पहारेकरी त्यांच्याकडे गेला, आणि न बोलताच परत आला.

बाहेरच्या लांब ओवरीत ताई बाईंना भेटली तेव्हा लिपिक मला घेऊन तिथूनच चालला होता, म्हणून मला ऐकू आलं. ताईला बोलताना हुंदका आवरत नव्हता. “मला वाटलं, शेरे ऐकून सगळे हसतायत.”

“हसले की,” बाई म्हणाल्या. “आणि मग गप्प झाले. माझ्या वर्गात मला याहून जास्त कधी मिळालं नाही.” त्यांनी ताईचा हात धरला तो जिन्यापर्यंत सोडला नाही.

मी मात्र परत केंद्रात गेले नाही. पटलावर आलेला कागद संसदेचा होतो, हा त्याच नियमाचा पुढचा भाग. माझ्या पहिल्या पानावर शिक्का बसला, क्रमांक पडला, आणि आता माझ्यात कुणी एक टिंबसुद्धा वाढवू शकत नाही. माझी शंभरएक पानं कोरीच राहिली. सुरुवातीला याचं फार वाईट वाटायचं. फोनची घंटा, ताईचा घाईचा हात, साहेबांचं वैतागणं, सगळ्याची आठवण यायची. इथे सगळं कसं नीटनेटकं आणि गार आहे.

पण मागच्या महिन्यात मला भेटायला माणसं आली. वाचकांच्या टेबलावर मला ठेवलं गेलं आणि समोर ताई बसली. तिच्या बरोबर दोन बहिणी होत्या. थोरलीचा उजवा हात मांडीवर पडून होता. डाव्या हाताने शिवायला शिकतेय, म्हणाली, सरळ शिवण जमते, काजं अजून जमत नाहीत. माझं पानही तिने डाव्याच हाताने उलटलं.

धाकटीने ताईला आवाजाने ओळखलं होतं, चेहरा पहिल्यांदाच बघत होती. मग तिने सांगितलं की गेल्या मंगळवारी शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखलं तेव्हा तिनेच फोन केला होता. ताईची सुट्टी होती, फोन दुसऱ्याच कुणी उचलला. “मी घड्याळ लावून दारात बसले होते,” ती म्हणाली. “मोजायचंच ठरवलं होतं. माझ्या फोनपासून गाडी दारात, अकरा मिनिटं.”

ताईला ते ठाऊक होतं. बुधवारी कामावर आल्यावर नव्या वहीत तिने सगळ्यात आधी तेच पाहिलं होतं. तरी तिने धाकटीला बोलू दिलं.

“फलकावर नऊ लिहिलं होतं ना,” धाकटी म्हणाली. “मला अकरा चालतात, ताई. खरी आहेत.”

आजोबा घरी आलेत. हे माझ्यात लिहायला आता परवानगी नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या गावात, तुमच्या केंद्रात माझ्यासारखी एखादी वही असेलच. कधी गेलात तर तिला मधून उघडा, आणि पान उलटायचा कंटाळा करू नका.